सील बदललं तरी परत गळतंय? मग गल्लाही गळतोय



या वेळच्या व्हिडिओत मोटरसायकलच्या गिअरबॉक्समधून गळणारं ऑइल कसं थांबवायचं ते दाखवलंय. व्हिडिओत पाना दिसतो, सील दिसतं, पण त्यामागचं पैशाचं गणित दिसत नाही. ते इथे सविस्तर लिहितोय. तुम्ही गॅरेज टाकणार नसाल तरी वाचा. मोबाइल रिपेअरिंग, मोटार वायंडिंग, आरओ फिल्टर, शिलाई मशीन, असं काहीही दुरुस्त करून धंदा उभा करायचा विचार असेल, तर हे तुमच्या कामाचं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो. आपल्याकडची छोटी गॅरेजेस रेट कमी आहे म्हणून मागे पडतात, असं सगळे म्हणतात. मला ते पटत नाही. एकच काम दोनदा-तीनदा फुकट करावं लागतं, तिथे खरा पैसा जातो. आणि ही वेळ येते, कारण आपण पार्ट बदलायचे पैसे घेतो, बिघाडाचं मूळ शोधायचे घेत नाही. ज्या कामाचे पैसे नाहीत, ते काम कोणीच नीट करत नाही. साधा हिशोब आहे.

रोजचा नमुना

जळगावात अजिंठा चौफुलीजवळ बसा, नाहीतर धुळ्यात पारोळा रोडला बसा. कुठल्याही गॅरेजमध्ये अर्धा दिवस काढलात की एक तरी स्प्लेंडर अशी येतेच, जिच्या डाव्या बाजूला, पुढच्या चेन सॉकेटखाली काळं, ओलं, मातीने माखलेलं दिसतं. मेकॅनिक वाकून बघतो, दहा सेकंदांत सांगतो, "सील गेलंय, नाना." सॉकेट काढतो, सील बदलतो, फडकं मारतो. गाडी चकाचक. पंधरा दिवसांनी नाना परत दारात, "भाऊ, परत गळी राह्यनं."

आता हिशोब मांडू. आकडे समजण्यापुरते धरलेत, तुम्ही तुमच्या गावचे टाका. सील गिऱ्हाइकाला ६० रुपयांना, तुमची खरेदी ४०. मजुरी १५०. बिल झालं २१०, त्यातून सीलचे ४० गेले, हातात राहिले १७०. काम एक तासाचं.

गाडी दुसऱ्यांदा आली. मजुरी मागायला तोंड नाही, नवीन सीलही तुमच्याच खिशातून. आता हातात १३० आणि तास झाले दोन. तिसऱ्यांदा आली, हातात ९० आणि तास तीन. म्हणजे तासाला ३० रुपये! एवढ्यात हेल्परचा पगारही निघत नाही, दुकानाचं भाडं तर लांबच. त्या जादा दोन तासांत एका गाडीची सर्व्हिसिंग झाली असती, ते नुकसान मी धरलेलंच नाही. नानांनी पारावर बसून चार जणांना काय सांगितलं, तेही धरलेलं नाही.

नानांचं नुकसान तर याहून मोठं असू शकतं. स्प्लेंडर, शाइन, पल्सर अशा आजच्या बहुतेक गाड्यांत इंजिन, क्लच आणि गिअर एकाच ऑइलवर चालतात. स्प्लेंडरला ऑइलचा ९०० मिलीचा डबा येतो, यावरून लक्षात घ्या की मुळात साठाच किती कमी असतो. गिअरबॉक्सच्या सीलमधून जे थेंब-थेंब जातं ते इंजिनचंच ऑइल असतं. दूध घालणारा माणूस रोज ४० किलोमीटर फिरतो, खाली वाकून लेव्हल बघत नाही. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या आसपास जातो. कमी ऑइलवर, दोन कॅन लादून गाडी चालली की आधी टायमिंगच्या बाजूने आवाज येतो, मग पिस्टन-बोअर खराब होतो. ६० रुपयांच्या सीलचं काम काही हजारांच्या इंजिन कामावर जातं. म्हणून सांगतो, हा विषय छोटा समजू नका.

आधी कुठून, मग का

गळती शोधायची एक रीत आहे आणि ती कोणालाही शिकता येते.

पहिलं काम धुणं. मातीने माखलेल्या इंजिनवर गळती ओळखता येत नाही. डिझेल किंवा डिग्रीझरने धुवा, हवा मारून पूर्ण कोरडं करा. मग संशयाच्या जागी टाल्कम पावडर किंवा खडूची पूड भुरभुरा. गाडी पाच-सात किलोमीटर फिरवून आणा आणि टॉर्च घेऊन बसा. पांढऱ्या पावडरवर पहिला ओला डाग कुठे पडला ते दिसतं.

एक नियम पाठच करा: ऑइल खाली ओघळतं आणि चालत्या गाडीत वाऱ्याने मागे सरकतं. त्यामुळे जिथून थेंब पडतोय ती जागा गळतीची असेलच असं नाही. सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधा.

डाव्या बाजूला सॉकेटच्या आसपास गळती दिसली की उमेदवार बरेच असतात. सॉकेट ज्या शाफ्टवर बसतं त्याचं सील, गिअर लिव्हरच्या शाफ्टचं सील, न्यूट्रल स्विचची रबर रिंग, काही गाड्यांत मॅग्नेटच्या मागचं सील, केसच्या दोन भागांमधलं पॅकिंग, खालचा ऑइल बोल्ट. आणि एक आपला गावठी उमेदवार: चेनला मारलेलं जळकं ऑइल! खूप जण सर्व्हिसिंगमध्ये निघालेलं काळं ऑइल चेनला ओततात. ते पुढच्या सॉकेटवरून उडतं, कव्हरमध्ये साचतं आणि खाली टपकतं. गळती काहीच नसते, तरी सील बदललं जातं. धुऊन बघितलं असतं तर दहा मिनिटांत कळलं असतं.

जागा सापडली की अर्धं काम झालं. आता प्रश्न, ते सील गेलं का? रबर आहे, जुनं होणार, उष्णतेने कडक होणार, हे खरंच. पण नवीन सील महिन्याभरात गळायला लागलं तर दोष वयाचा नाही. कारणं साधारण अशी असतात:

१. ऑइल जास्त भरलंय. बऱ्याच जणांना वाटतं, जास्त ऑइल म्हणजे इंजिनची जास्त सेवा. लेव्हल बघताना गाडी सपाट जागी, मेन स्टँडवर सरळ उभी हवी. स्प्लेंडरसारख्या गाडीत डिपस्टिक आट्यांत फिरवायची नसते, नुसती टेकवून बघायची. फिरवून बघितली की लेव्हल चुकीची दिसते.

२. ब्रीदर बंद आहे. इंजिन चालताना आत हवेचा दाब तयार होतो, तो बाहेर काढायला नळी दिलेली असते. त्या नळीत चिखल बसला, नळी चेमटली किंवा कुंभारीण माशीने तोंडात मातीचं घर केलं, की दाब दुसरीकडून वाट काढतो. ठिबक केलेल्या शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही. नळीत प्रेशर वाढलं की सगळ्यात कच्चा जॉइंट सुटतो. तुम्ही जॉइंट बदलत बसलात तर उद्या शेजारचा सुटेल.

३. चेन फार ताणलेली आहे. माझ्या अनुभवात हे कारण सगळ्यात जास्त सुटतं. चेन आवाज करते म्हणून गिऱ्हाईक सांगतं, "टाइट करून दे." बहुतेक कम्युटर गाड्यांत चेनला मधोमध २० ते ३० मिमीच्या आसपास ढील लागते, नेमका आकडा त्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो. गाडी रिकामी असताना तारेसारखी ताणलेली चेन, मागे दोन कॅन आणि माणूस बसला की अजून ताणली जाते. ती शाफ्टला सतत मागे ओढते. आधी बेरिंगवर ताण, मग सील एका बाजूने दाबलं जातं.

४. बेरिंग ढिलं आहे. चेन उतरवा, सॉकेट हाताने वर-खाली हलवा. जाणवण्याइतकं हललं तर नवीन सील टिकणार नाही, तुम्ही कितीही चांगल्या कंपनीचं टाका.

५. शाफ्टवर किंवा कॉलरवर खाच पडली आहे. सीलची कड वर्षानुवर्षं एकाच जागी घासते, त्यात धूळ अडकते, धातूवर चर पडते. नख फिरवा, नख अडकलं तर समजा. कॉलर निघत असेल तर बदला. निघत नसेल तर सील किंचित वेगळ्या खोलीवर बसवून कड नव्या जागी टेकवता येते का बघा, पण केसमध्ये तेवढी जागा असेल तरच.

६. बसवताना चुकलं. स्प्रिंगची बाजू ऑइलकडे हवी. शाफ्टच्या दात्यांवर पातळ टेप गुंडाळा, नाहीतर दाते सीलची कड कापतात. कडेला थोडं ऑइल लावा. स्क्रू ड्रायव्हरने एकेका कोपऱ्यातून ठोकू नका, मापाची गोटी ठेवून सगळीकडून सारखं दाबा.

७. ऑइल बोल्टचे आटे गेलेत. केस ॲल्युमिनियमची असते. जोरात आवळला की आटे जातात, मग कोणी टेफलॉन टेप गुंडाळतं, कोणी पेस्ट भरतं. नवीन वायसर आणि योग्य आवळणं, किंवा लेथवाल्याकडून आट्यांचं इन्सर्ट, याला दुसरा उपाय नाही.

पेस्टबद्दल एकच सांगतो. बाहेरून थापलेली पेस्ट गळती लपवते. आणि आत जास्त लावलेली पेस्ट सुटून ऑइलच्या जाळीत अडकली तर इंजिनला ऑइलच कमी मिळतं.

पाच वेळा "का"

बीबीएला ऑपरेशन्समध्ये टोयोटाचं उदाहरण सगळेच शिकतात आणि परीक्षा झाली की विसरतात. ताईची ओनो या टोयोटाच्या इंजिनिअरने "पाच वेळा का विचारा" ही पद्धत समजावताना दिलेलं उदाहरण आपल्या विषयाच्या अगदी जवळचं आहे. मशीन बंद पडलं. का? जादा लोड आला आणि फ्यूज उडाला. लोड का आला? बेरिंगला पुरेसं वंगण नव्हतं. का नव्हतं? वंगणाचा पंप नीट खेचत नव्हता. का? पंपाचा शाफ्ट झिजला होता. का झिजला? पंपाला जाळीच नव्हती, धातूचा कचरा आत जात होता. फ्यूज बदलून मशीन सुरू झालं असतं आणि परत बंद पडलं असतं. खरा उपाय जाळी बसवणं.

आता हे आपल्या गाडीला लावा. ऑइल का गळतं? सील एका बाजूने दबलंय. का? शाफ्ट हलतोय. का? बेरिंग ढिलं झालंय. का? चेन फार ताणलेली होती. ती का ताणली? दोन्ही सॉकेटचे दाते झिजलेत, चेन उड्या मारते, म्हणून गिऱ्हाईक दर महिन्याला टाइट करून घेतं. म्हणजे मूळ काम चेन-सॉकेट किट बदलायचं आहे. सीलपर्यंत थांबणारा मेकॅनिक फ्यूज बदलतोय.

बुलेटकडून शिकण्यासारखं

गळतीचं नाव निघालं की जुनी बुलेट आठवतेच. "बुलेट गळत नसेल तर समज ऑइल संपलं," हा विनोद तुम्हीही ऐकला असेल. १९५५ मध्ये मद्रासला बुलेट बनायला लागली. त्या जुन्या रचनेत इंजिन वेगळं, गिअरबॉक्स वेगळा आणि दोघांना जोडणाऱ्या प्रायमरी चेनची पेटीही वेगळी. तीन कप्पे, तिघांचं ऑइल वेगळं, आणि जितके जोड तितक्या गळायच्या जागा. मेकॅनिक लोकांनी वर्षानुवर्षं पॅकिंग बदलली. गळती बुलेटचा स्वभावच मानली गेली.

पुढे आयशरच्या मालकीत, २००० साली सिद्धार्थ लाल कंपनीची सूत्रं हातात घेतल्यानंतर, गुणवत्तेवर काम सुरू झालं. २००८-०९ च्या सुमाराला नवीन युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन आलं, ज्यात इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये आले. गळायच्या जागाच कमी केल्या. त्यानंतर क्लासिकची जी विक्री झाली ती आपण रस्त्यावर रोज बघतो. यशाला इतरही कारणं होती. पण ज्याला रोज ऑफिसला जायचंय, लांब फिरायचंय, असा माणूस भरवसा वाटल्याशिवाय गाडी घेत नाही. आणि भरवसा जाहिरातीतून येत नाही, पार्किंगच्या फरशीवर डाग पडला नाही की येतो.

तुम्ही कारखाना काढणार नाही. पण निवड तीच आहे: पॅकिंग बदलत राहायचं, की गळायचं कारण काढायचं.

"तपासणीचे पैसे कोण देणार, सर?"

ट्रेनिंगमध्ये इथपर्यंत सगळे मान डोलावतात. मग मी म्हणतो, तपासणीचे वेगळे पैसे लावा. लगेच कुजबुज. "सर, हे पुण्यात चालेल. आपल्याकडे गिऱ्हाईक शेजारच्या गॅरेजला जाईल."

हा आक्षेप खोटा नाही. शेजारचा फुकट बघतो, हे खरं आहे. पण तो काय बघतो? दहा सेकंद वाकून बघतो. तुम्ही तसंच बघत असाल तर पैसे मागूच नका. तुम्ही गाडी धुतली, पावडर मारली, चालवून आणली, सॉकेट हलवून पाहिलं, आणि नानांना मोबाइलवर फोटो दाखवला की "इथून गळतंय आणि या कारणाने गळतंय", तर ते काम आहे. डॉक्टर औषध न देता तपासणी फी घेतो, टीव्हीवाला घरी यायचे पैसे घेतो. आपलं गिऱ्हाईक ते देतं. गॅरेजला देत नाही, कारण गॅरेजने त्याला कधी तपासून दाखवलंच नाही.

बिल असं करा: तपासणी १००, मजुरी १५०, सील ६०. एकूण ३१०. सीलचे ४० वजा केले की २७० राहतात. धुण्या-तपासण्यासकट दोन तास धरले तरी तासाला १३५. वरच्या हिशोबात तासाला ३० पडत होते. आणि नानांना विचारा, २१० रुपयांत तीन चकरा परवडतात की ३१० मध्ये एक? तीन वेळा अर्धा दिवस मोडतो, सकाळचं दूध उशिरा पोचतं. बोलून बघा, उत्तर मिळेल. काही गिऱ्हाइकं तरीही जातील. जाऊ द्या. फुकट तपासणीवर टिकणारं गिऱ्हाईक पाच रुपयांच्या फरकानेही जाणारच होतं.

पण पैसे घेतले की जबाबदारी येते. ती टाळायची असेल तर हा सल्ला घेऊ नका. बिलावर लिहून द्या: त्याच जागेवरून ३० दिवसांत किंवा १००० किलोमीटरमध्ये परत गळलं तर मजुरी लागणार नाही. बेरिंग ढिलं सापडलं आणि नाना म्हणाले, "आत्ता पैसे नाहीत, नुसतं सील टाक," तर तेही बिलावर लिहा: "बेरिंग ढिलं आहे, सांगितलं आहे, या कामाला गॅरंटी नाही, दर आठवड्याला लेव्हल बघणे." यात नानांचा अपमान नाही. खरं सांगितल्यावर माणूस एक तर पैशाची सोय करतो, नाहीतर निदान ऑइल बघत राहतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ मध्ये पैसे घेऊन दिलेली सेवाही येते, त्यामुळे लेखी बिल तुमच्याही बचावाचं आहे.

उलट बाजूही सांगतो. प्रत्येक ओलसर डागासाठी इंजिन उघडायचं नसतं. दहा-बारा वर्षांच्या गाडीला पॅकिंगच्या रेषेवर थोडा घाम येतो. पुसला, हजार किलोमीटर चालवली, लेव्हल उतरली नाही, तर सांगा, "नाना, चालवा, काही करू नका." तपासणीचे १०० घ्या आणि काम नको म्हणून सांगा. हे वाक्य बोलणारा गॅरेजवाला तालुक्यात शोधून सापडत नाही. पुढच्या वेळी इंजिनचं मोठं काम निघालं की नाना तुमच्याकडेच येतील.

मालकाने बदलायची गोष्ट

दोष नेहमी पोरांवर टाकला जातो. "पोरगं लक्ष देत नाही." पण तुम्ही त्याला दिवसाला किती गाड्या काढल्या यावर बोनस देत असाल, तर तो गाड्याच काढणार. पावडर मारून पाच किलोमीटर फिरवायला त्याला वेळ कुठे आहे? परत न आलेल्या गाड्यांवर बोनस देऊन बघा. त्यासाठी एक वही लागते, बाकी काही नाही.

वहीत सहा रकाने करा: तारीख, गाडी नंबर, तक्रार, सापडलेलं कारण, काय केलं, परत आली का. "सापडलेलं कारण" या रकान्यात "सील गेलं" असं लिहायला बंदी. सील का गेलं ते लिहा. तीन महिन्यांनी वही वाचा. कुठल्या कंपनीचं सील टिकत नाही, कुठल्या मेकॅनिकच्या हाताला ट्रेनिंग लागतं, कुठल्या मॉडेलची चेन किट आधीच मागवून ठेवावी, सगळं त्यात लिहिलेलं सापडेल.

माझ्याकडे येणारे बरेच जण पहिला प्रश्न मुद्रा लोनचा विचारतात. शिशु गटात ५०,००० पर्यंत मिळतात, हायड्रॉलिक रॅम्प घेऊ का? जरूर घ्या, कंबर वाचेल. पण रॅम्पवर चढवून चुकीचं सील बदललं तरी ते गळणारच आहे, वर हप्ताही भरावा लागेल. आधी वही, मग रॅम्प.

आणि हे फक्त गाड्यांपुरतं नाही. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यात सबमर्सिबल मोटार वायंडिंगची किती दुकानं आहेत बघा. मोटार जळते, वायंडिंग करून देतात, पुढच्या महिन्यात तीच मोटार परत जळते. व्होल्टेज कमी येतंय का, स्टार्टरचा रिले नीट सेट आहे का, बोअरमधली पाण्याची पातळी उतरून मोटार कोरडी चालते का, हे कोण विचारतं? जो विचारेल आणि त्याचे पैसे मागायची हिंमत करेल, त्याच्या दुकानासमोर ट्रॅक्टर उभे राहतील.

तर या आठवड्याचा गृहपाठ. तुमचा धंदा सुरू असेल तर मागच्या महिन्यात परत आलेली पाच कामं आठवा आणि प्रत्येकापुढे पाच वेळा "का" लिहा. धंदा अजून सुरू व्हायचा असेल तर गावातल्या एखाद्या दुकानात दोन दिवस बसा आणि फक्त परत आलेली कामं मोजा. तिथे जेवढी कामं परत येतात, तेवढी तुम्हाला बाजारात जागा आहे.

वही आजच आणा. शंभर पानी पुरते.